जाऊबाईंचे शुक्रवार

आमच्या जाऊबाईंच्या अंगात देवी येत असे. आर्वीत आमच्या आळीत आजही कोणी हे खोटं म्हणणार नाही. मीही म्हणत नाही. पण आळीतल्या बायका गोष्ट अर्धीच सांगतात, आणि अर्धी गोष्ट ऐकली की माझ्या डोक्यात तिडीक जाते. म्हणून उरलेली अर्धी मी सांगते.

मी पुलगावची. नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला लग्न होऊन आर्वीला आले. पुढे कापडाचं दुकान, मागे घर. घरात आम्ही दोघं नवराबायको आणि माझ्या मोठ्या जाऊबाई. त्यांचे यजमान, म्हणजे माझे थोरले दीर, माझ्या लग्नाआधीच गेलेले. मूलबाळ नाही. माहेरच्यांनी परत नेलं नाही, सासरच्यांनी जा म्हटलं नाही, अशा त्या आमच्या घरी राहून गेल्या. पहाटेच्या सड्यापासून रात्रीच्या विरजणापर्यंत घर त्यांच्या हातात. मी त्यांना बाई म्हणायची. माझ्या तोंडाला कुलूप नाही, हे माहेरी-सासरी सगळ्यांना ठाऊक. त्यांच्या तोंडात एकच वाक्य, "जाऊ दे ना वं." दूध उतू गेलं तरी तेच, आणि कोणी अपमान केला तरी तेच.

संक्रांतीला आमच्याकडे हळदीकुंकू असायचं. तिळाच्या वड्या जाऊबाईंनी थापलेल्या, वाणाच्या वाट्या त्यांनीच पुसून मांडलेल्या. बायका यायला लागल्या की मात्र त्या स्वयंपाकघरात. एका वर्षी मी त्यांचा हात धरून त्यांना बैठकीत ओढून आणलं. तिथली एक म्हातारी म्हणाली, "शोभते का वं हे?" जाऊबाई हसल्या, पदर सावरला आणि आत गेल्या. मला इतका संताप आला, की त्या म्हातारीच्या हातात मी वाण ठेवलं नाही, आपटलं. तिनं पुढे दोन वर्षं आमच्याकडे पाऊल टाकलं नाही. बरंच झालं.

मग जाऊबाईंना साखर निघाली. पायाला काटा लागल्याचं निमित्त झालं आणि जखम भरेना. आधी गोळ्या झाल्या, दोन हजार सालानंतर इन्शुलिन सुरू झालं. आम्ही वर्ध्याच्या एका डॉक्टरांकडे जायचो. भला माणूस. त्यांनी सांगितलं, "सकाळी नाश्त्याच्या आधी ही सुई घ्यायची. काही झालं तरी चुकवायची नाही." जाऊबाईंनी ते वाक्य गाठीला बांधलं. सुई चुकवायची नाही, हे त्यांनी व्रतासारखं धरलं. अडचण एवढीच, की त्यांचं एक व्रत आधीपासून होतं.

शुक्रवारचं. गूळ-फुटाण्याचा नैवेद्य आणि आंबटाला हात लावायचा नाही. आमच्याकडे घरोघरी बायका ते धरतात, पण बाकीच्या निदान चहा तरी पितात. जाऊबाईंचं म्हणजे कडक. दुपारची आरती होईपर्यंत पाण्याचा थेंबही नाही. म्हणजे शुक्रवारी सकाळी आंघोळ, मग सुई, मग पूजेची तयारी आणि दुपारपर्यंत पोट रिकामं. डॉक्टरांच्या वाक्यात नाश्ता हा शब्द होता, पण तो बाईंनी सोडून दिला. त्यांच्या दृष्टीनं दोन्ही नेम अगदी चोख चालले होते.

पहिल्यांदा देवी आली तेव्हा मी शेजारीच उभी होते. आरती चालली होती. जाऊबाई टाळ्या वाजवत होत्या आणि एकाएकी त्यांची टाळी चुकायला लागली. पाहते तर पोलकं घामानं चिंब, नजर एका जागी लागलेली, हात थरथरताहेत, मान डोलतेय आणि ओठांतून काहीतरी पुटपुटणं. मी दंडाला धरलं तर त्यांनी मला "हट!" म्हणून ढकललं. ज्या बाईनं कुत्र्यालाही कधी हाड म्हटलं नाही, तिनं!

"माय वो! देवी आली!" शेजारीण ओरडली.

झालं. पाट आला. जाऊबाईंना पाटावर बसवलं, पायावर पाणी घातलं, कोणीतरी त्यांच्या कपाळावर मळवट भरला, कोणी ओटी भरली. आणि मग देवीला नैवेद्य पाहिजे म्हणून गुळाचा खडा तोंडात घातला, त्यावर पेढा, वरून दूधसाखर. थोड्या वेळानं मान डोलायची थांबली. जाऊबाईंनी डोळे फिरवून साऱ्यांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "काय झालं वं? सारे काऊन जमा झाले?"

"देवी शांत झाली," बायका म्हणाल्या आणि त्यांच्या पाया पडल्या.

पुढच्या शुक्रवारी आळीतल्या बायका आल्या, त्याच्या पुढच्या शुक्रवारी शेजारच्या आळीतल्या. मग एस.टी.नं खेड्यांतून यायला लागल्या. प्रत्येकीचं काही ना काही विचारणं असायचं. एकीची गाय हरवली होती. जाऊबाई "पाणी, पाणी" असं पुटपुटल्या आणि गाय नाल्याकाठी सापडली. बाईला तहान लागली असेल हो, सकाळपासून घोटभर पाणी नाही! पण असं बोलायची सोय राहिली नव्हती. आमच्या ह्यांनी आधी पुष्कळ कुरकुर केली, घराचा बाजार केला म्हणाले. मग बायका ओटीचे खण आमच्याच दुकानातून घेऊन आत यायला लागल्या, तशी त्यांचीही भक्ती वाढली. मी तसं तोंडावर बोलून दाखवलं तर गृहस्थ पेपरात तोंड घालून बसले.

मला चैन नव्हतं. देवी येऊन गेली की जाऊबाई दुपारभर चिंधीसारख्या पडून राहायच्या. डोकं दुखायचं, हातापायांतलं बळ जायचं. एका शुक्रवारी देवी शांत झाल्याबरोबर मी त्यांना बसमध्ये घालून वर्ध्याला नेलं. डॉक्टरांनी बोट टोचून साखर पाहिली तर अडीचशेच्या वर. असणारच की! पोटात गूळ, पेढे, दूधसाखर. पण डॉक्टरांना ते कुठं ठाऊक? "पथ्य पाळता ना?" त्यांनी विचारलं. जाऊबाई म्हणाल्या, "पाळतो ना." मला त्यांनी बसमध्येच बजावून ठेवलं होतं, "डॉक्टरले देवीचं सांगू नको. हसन तो." डॉक्टरांनी इन्शुलिन वाढवलं. पुढच्या वेळीही तसंच झालं. आणि डोस वाढला तशी देवीही जोरात यायला लागली.

तिसऱ्या खेपेला मात्र माझ्यानं राहवलं नाही. "डॉक्टरसाहेब, ह्यांच्या अंगात येते, दर शुक्रवारी," मी म्हणून टाकलं. जाऊबाईंनी टेबलाखालून मला असा चिमटा काढला, की वळ उठला. पण डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि नीट विचारलं, किती वाजता येते, घाम येतो का, कशानं थांबते. मग म्हणाले, "एक यंत्र आहे. नागपूरहून मागवून घेतो. अंगावर बाळगायचं, झोपतानाही."

ते यंत्र म्हणजे खिशात मावेल एवढी डबी. तिला वायर, आणि वायरच्या टोकाला केसासारखी तार, ती पोटाच्या कातडीखाली टोचून वर चिकटपट्टी लावलेली. डबी दिवसरात्र आपली आपण साखर मोजत राहणार, पण काय मोजलं ते आपल्याला दाखवणार नाही. वर्ध्याला परत नेऊन कॉम्प्युटरला जोडली की मगच बोलणार. मधेमधे आम्ही बोट टोचून साखर पाहायची आणि तो आकडा डबीत भरायचा. जेवलं की बटण दाबायचं, सुई घेतली की बटण दाबायचं. गुरुवारी डॉक्टरांनी ते लावून दिलं.

"हे लावून सोवळं चालते का वं?" जाऊबाईंनी वाटेत विचारलं.

"नसन चालत तं देवी सांगन तुमाले," मी म्हटलं.

आर्वीपर्यंत त्या कमरेच्या डबीवर हात ठेवून बसल्या होत्या. कंडक्टरनं विचारलंही, "काकू, मोबाइल घेतला का?" त्यावर जाऊबाई लाजल्या. त्यांच्याकडे कोणाला दिसावं असं काही कधी नव्हतंच.

शुक्रवारी देवी आली. एका बाईच्या हाताला पदराखालची वायर लागली. "देवीच्या कमरेले काय बांधलं वो?"

"कमरपट्टा आहे," मी म्हटलं. "हात नका लावू."

सोमवारी आम्ही डबी परत नेली. डॉक्टरांनी ती जोडली आणि पडदा आमच्याकडे वळवला. पडद्यावर एक रेघ होती, कुठं वर चढलेली, कुठं उतरलेली. गुरुवारी ती बऱ्यापैकी होती. शुक्रवारी सकाळी सुई घेतल्याचं बटण दाबलेलं, आणि तिथून रेघ जी उतरली, ती उतरतच गेली. जेवणाचं बटण कुठंच नाही. दुपारी रेघ पार तळाला टेकलेली. तिथून मात्र ती सरळ वर, भिंत उभी केल्यासारखी.

डॉक्टरांनी तळाशी बोट ठेवलं. "इथं काय झालं?"

"देवी आली," मी म्हणाले.

त्यांनी भिंतीवर बोट ठेवलं. "आणि इथं?"

"गूळ खाल्ला."

मग डॉक्टरांनी समजावून सांगितलं. सुई घेतली आणि अन्न घेतलं नाही की रक्तातली साखर संपत येते. मेंदू उपाशी पडतो. मग घाम, थरथर, असंबद्ध बोलणं. "मी दर वेळी गुळानंतरची साखर पाहत होतो, म्हणून डोस वाढवत गेलो," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उतरला. मग जाऊबाईंना म्हणाले, "आई, देवी खोटी असं मी म्हणत नाही. नैवेद्याच्या गुळानंच तुम्ही आजवर वाचलात. पण एखाद्या शुक्रवारी गूळ गिळताच आला नाही, तर तुम्ही पाटावरून उठणार नाही."

त्यांनी डोस उतरवला. सुई घेतली की खायचंच, शुक्रवार असो की आणखी काही. जाऊबाई त्या रेघेकडे टक लावून पाहत होत्या. त्यांनी एकच विचारलं, "म्हणजे सुई घेतली अन् जेवलं नाई, तं येते?"

"अगदी बरोबर समजलात," डॉक्टर खूश होऊन म्हणाले. मीही खूश झाले. परतताना बसस्टँडवर मी आम्हां दोघींना पेरू घेतले.

त्या शुक्रवारी सकाळी मी मुद्दाम त्यांच्या पुढ्यात ज्वारीची भाकर आणि वरण वाढून ठेवलं आणि आंघोळीला गेले. आले तर ताट मोरीत विसळून ठेवलेलं. "जेवल्या का बाई?" "जेवली ना." मला हायसं वाटलं. दुपारी बायका जमल्या, आरती सुरू झाली, आणि जाऊबाईंची टाळी चुकली. मी पाहत राहिले. जेवल्या आहेत, मग हे कसं? पण ह्या वेळी मान डोललीही नाही, त्या सरळ एका अंगावर कलंडल्या.

बायकांनी जयजयकार सुरू केला. गुळाचा खडा पुढे आला, पण दातखीळ बसलेली. दूध घालायला गेल्या तर ते ओठांवरून गळ्यावर ओघळलं. टाळ्यांचा जोर आणखीच वाढला. "बंद करा ते!" मी किंचाळले. "बाई मरून राह्यली अन् तुमी टाळ्या वाजवून राह्यल्या!" मी गूळ बोटांनी कुस्करून त्यांच्या गालाच्या आत चोळत सुटले. ह्यांनी दुकानातून धावत येऊन त्यांना उचललं. ऑटोत त्यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि मी आळीभर ऐकू जाईल अशा शिव्या देत होते. देवीला देत होते की बाईंना, मला कळत नव्हतं. आर्वीतल्याच दवाखान्यात शिरेतून ग्लुकोज दिलं, तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

घरी आणल्यावर त्यांनी आपणहून सांगितलं. भाकर गाईला दिली होती. सुईही जुन्या मापानंच घेतली होती.

"मरायचं होतं का तुमाले?" मी ओरडले.

"मराचं नवतं वं." त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. "बसाचं होतं. शुक्रवारी त्या बाया मले पाटावर बसवते. बाकीचे दिवस कोणी मले बस म्हणत नाई. कुंकू लावते. मी विधवा आहे हे आठवत नाई त्यायले तेवढा वेळ. डॉक्टर म्हणे ते खरं असन. मंग त्याच्यानंतर मले कोण पाहीन?"

"मी पाहतो ना!"

"तू घरची आहेस."

मी पुढचं काहीतरी कडक बोलायला गेले आणि रडूच आलं. रागाचं रडू, आणि भीतीचं. "तुमी गेल्या असत्या तं मी कोणाशी भांडली असती वो बाई? एवढ्या मोठ्या घरात माह्यं बोलणं ऐकून घेणारं दुसरं कोण आहे?" त्यांनी हात मागे करून माझा हात चाचपला. "त्या डबीनं माह्यं सारं नेलं," त्या म्हणाल्या. "डबीनं जीव ठेवला तुमचा," मी म्हटलं. मला तो आठवडाभर वाटत होतं, की ही बाई पुन्हा उपाशी राहणार आणि ह्या वेळी आपल्याला पत्ताही लागणार नाही. मी इन्शुलिनच्या सिरिंजा माझ्या कपाटात कुलपात ठेवल्या.

पुढचा शुक्रवार उजाडला. मी सिरिंज घेऊन गेले, तर जाऊबाईंनी औषध भरून ती माझ्यापुढे धरली आणि माप दाखवलं. उतरवलेलं माप. मग ताट घेऊन माझ्यासमोर बसल्या आणि एकेक घास चावून जेवल्या. मी उठायला लागले तर म्हणाल्या, "बस ना, पाह्य." डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मला वाटलं, नेम मोडला म्हणून असेल.

बायकांना कोणी काही सांगितलं नव्हतं. उलट मागच्या शुक्रवारच्या प्रकारानं देवीचा बोलबाला वाढलेला. बैठक भरली. आरती सुरू झाली आणि जाऊबाई शेवटच्या ओळीपर्यंत तालात टाळ्या वाजवत राहिल्या. आरती संपली. बायका वाट पाहत बसल्या. जाऊबाईही खाली सतरंजीवर बसल्या, नजर साफ, हात मांडीवर. बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. कोणी कुजबुजली, कोणी चपला शोधायला दाराशी गेली. मला वाटलं, आता ह्या उठणार, संक्रांतीसारख्या आत जाणार आणि दार ओढून घेणार.

एक बाई मात्र पुढे सरकली. जवळच्या खेड्यातली, एस.टी.नं यायची. बरेच शुक्रवार तिचं एकच विचारणं होतं. पोरगी बारावी झाली, तिला वर्ध्याला नर्सिंगला जायचंय, आणि घरच्यांनी लग्न ठरवायला घेतलंय. देवीनं आजवर त्यावर नुसतं पुटपुटलेलं. ती हात जोडून पुन्हा तेच म्हणाली.

जाऊबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "पाठव तिले. शिकू दे."

बाई गोंधळली. "तसं नाई वो बाई. तुमी नका सांगू. देवी आली की मंग इचारतो मी."

मी तोंड उघडलं होतं, आणि जे बाहेर येणार होतं ते काही चांगलं नव्हतं. जाऊबाईंनी माझ्याकडे न पाहताच हात वर करून मला थांबवलं. उभ्या जन्मात पहिल्यांदा.

"देवी इथंच आहे," त्या म्हणाल्या. आवाज साधा, स्वयंपाकघरात बोलत तसा. "इतके दिवस उपाशी होती, म्हणून नुसती बडबडे. काय बोले ते तिचं तिलेच ठाऊक नाई. आज ती जेवून बसली आहे. जेवून सांगून राह्यली तुले, पोरीले शिकू दे."

दाराशी उभ्या बायकांपैकी काही निघून गेल्या. एकीनं जाताना तोंड वाकडं केलं. ती बाई मात्र जागची हलली नाही. जाऊबाईंच्या तोंडाकडे पाहत राहिली, मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत हळूच म्हणाली, "अन् तिचा बाप नाई म्हणन तं?"

"मंग त्याले घेऊन येजो," जाऊबाई म्हणाल्या. "मी बोलतो त्याच्याशी."